गुरुवारी मेथी निवडणाऱ्या कुमुदताई

कुमुदताई मेस्त्री यांची आणि माझी ओळख पालिकेच्या रुग्णालयातल्या एका बाकावर झाली. चार-साडेचार वर्षं झाली त्याला. माझे वडील, अप्पा, तेव्हा विस्मरणाच्या आजाराने मलाच 'आपण कोणाकडचे?' असं विचारू लागले होते. त्यांचा केसपेपर काढून मी मानसोपचार विभागाबाहेर बसलो होतो. अप्पा दर दोन मिनिटांनी उठून चालायला लागायचे आणि मी दंडाला धरून त्यांना खाली बसवायचो. त्या सकाळी घरात मी त्यांना ढकललं होतं. कोपर दाराच्या चौकटीला घासून खरचटलं होतं, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून मी त्यांना भर उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक पांढऱ्या केसांच्या बाई कोणाची तरी सोबत करायला आल्या होत्या. त्या वेळी जो भेटे तो अप्पांची चौकशी करत असे. या बाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "तुम्ही काही खाल्लंत का सकाळपासून?"

मी नाही म्हटलं.

"रात्री झोपलात?"

"नाही."

"आज कोणाशी बोललात?"

मी अप्पांकडे बोट दाखवलं. "हे सोडून," त्या म्हणाल्या. तेवढ्यावर मी पन्नाशीचा गृहस्थ रांगेतल्या सगळ्यांसमोर रडू लागलो. ताईंनी पिशवीतून डबा काढून दोन घावणे माझ्या हातावर ठेवले. मी खात असताना त्यांनी अप्पांची बाही वर केली, खरचटलेलं पाहिलं आणि पुन्हा नीट खाली केली. मग एवढंच म्हणाल्या, "गुरुवारी चार वाजता मुलुंडला आमच्या कॉलनीत या. गणेशोत्सव मंडळाची खोली विचारा. येताना मेथीची एक जुडी आणा." मानसोपचार विभागाबाहेर भेटलेली बाई मेथी आणायला सांगते म्हटल्यावर माझा जो समज व्हायचा तो झाला. तरी मी गेलो.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या कार्याबद्दल मोठी माणसं मोठ्या शब्दांत लिहितील. मी त्या खोलीतला एक मेथी निवडणारा आहे, आणि तोही ढ. मला जे दिसलं ते लिहितो.

ताई पालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होत्या. शेवटची अनेक वर्षं त्यांनी मानसोपचार विभागात काढली. तिथे त्यांच्या एक लक्षात आलं होतं, की माणसं फार उशिरा येतात, कारण इथे येताना कोणी पाहिलं तर काय, ही भीती आजारापेक्षा मोठी असते. म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी मंडळाची खोली मागून घेतली. मखराचे थर्मोकोलचे खांब आणि ढोल-ताशे एका कोपऱ्यात सरकवले आणि बायकांना सांगितलं, शुक्रवारच्या डब्याची भाजी गुरुवारी इथे येऊन निवडा. भाजी निवडायला जाणाऱ्या बाईला कोणी काही विचारत नाही. हात कामात असले की नजर खाली राहते, आणि नजर खाली असली की जे कोणाच्या तोंडावर बोलवत नाही तेही बोललं जातं. तिसऱ्या गुरुवारी मी अप्पांना ढकलल्याचं बोललो ते असंच, एका काडीकडे बघत. कोणी मान वर केली नाही. ताईंनी विचारलं, "त्या सकाळी चहा तरी घेतला होतास का रे?" नव्हता घेतला. तोवर त्यांनी मला अरे-तुरे करायला सुरुवात केली होती आणि मला ते आवडू लागलं होतं.

खोलीचे नियम थोडेच आहेत. इथलं बोलणं इथेच ठेवायचं. ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही. जो सल्ला देईल त्याच्यापुढे ताई न बोलता लसणाचा गड्डा सरकवतात. पहिले दोन महिने मी एवढा लसूण सोलला आहे की माझ्या बोटांना ऑफिसातही वास यायचा. दर गुरुवारी सगळ्यांना तेच तीन प्रश्न विचारले जातात: जेवलात का, झोपलात का, कोणाशी बोललात का. मी एकदा म्हटलं, ताई, लोकांची एवढी मोठी दुःखं आणि तुम्ही जेवणाचं काय विचारता? त्या म्हणाल्या, "अरे, ताप आलेल्या माणसाचा ताप आधी मोजतात ना? हे माझं मोजणं. दुःख काय, ते जेवून-झोपूनही राहणारच आहे. पण उपाशी माणसाच्या अंगावर ते धावून येतं."

आपण डॉक्टर नाही, हे ताई दर महिन्याला एकदा तरी बजावतात. ज्याला डॉक्टरची गरज आहे त्याला त्या पहिल्या आठवड्यातच ओळखतात आणि त्याच्याबरोबर स्वतः जाऊन रुग्णालयाच्या बाकावर बसतात. माझ्या घरीही त्यांनी अशीच वाट काढली. गुरुवारी दुपारी मला घराबाहेर पडता यावं म्हणून त्यांचे यजमान, मेस्त्रीकाका, अप्पांशी पत्ते खेळायला येऊ लागले. अप्पा खेळाचे नियम विसरायचे आणि मनाला येईल तो नवा नियम काढायचे. काका तो मान्य करून हरायचे. अप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. त्या सकाळनंतर शेवटपर्यंत माझा हात त्यांच्यावर पुन्हा उठला नाही. माझ्या आयुष्यात मी केलेली ही एक धड गोष्ट, आणि तीसुद्धा मी एकट्याने केलेली नाही.

दुसऱ्यांना जपणाऱ्या माणसाने स्वतःलाही जपावं, असं पुष्कळजण सांगतात. ताई ते पाळतात. दुपारी एक ते तीन त्यांचं दार बंद असतं. एकदा भागातले एक पुढारी चार कार्यकर्त्यांसह शाल-श्रीफळ घेऊन दीड वाजता दारात उभे राहिले. मेस्त्रीकाकांनी दार अर्धवट उघडून सांगितलं, "त्या झोपल्यात. तीननंतर या." पुढारी परत आलेच नाहीत. ताईंना हे कळलं तेव्हा त्यांनी नारळ तरी ठेवून घ्यायचा होता, एवढंच म्हटलं.

आता माझ्या चुकीबद्दल. ती लिहिल्याशिवाय ताई कोण आहेत हे कळायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी ताई आठवडाभर गावी गेल्या होत्या. मला गुरुवारांनी सावरलं होतं, तेव्हा सगळ्या मुलुंडला ही सोय माहीत व्हायला नको का, असा उत्साह माझ्या अंगात संचारला. मंडळाचे फ्लेक्स बनवणाऱ्याला गाठून मी सहा बाय चारचा फ्लेक्स करून घेतला. मागे उगवता सूर्य, पुढे हात जोडलेल्या ताई, आणि वर लाल अक्षरांत 'मानसिक आरोग्य व समुपदेशन केंद्र'. खाली 'चिंता? नैराश्य? मनातलं बोला' हे माझं साहित्य. खोलीच्या दारावर तो झकास दिसत होता. पुढच्या गुरुवारी अठरा माणसांपैकी तीन आली. त्यांतला एक मी.

न आलेल्यांत नलिनीवहिनी परब होत्या. समोरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात. मूळच्या मालवणकडच्या, सासरे गिरणीत होते. वहिनींना मधूनच छातीत धडधडायचं, हातपाय गार पडायचे, आता आपण संपलो असं वाटायचं. हृदयाच्या सगळ्या तपासण्या नीट निघाल्या तेव्हा ताई त्यांना मानसोपचार विभागात घेऊन गेल्या, गोळ्या सुरू झाल्या आणि वहिनी पुन्हा बाजारात जाऊ लागल्या. त्याच सुमारास त्यांच्या मुलीचं लग्न पलीकडच्या गल्लीत ठरत होतं. मुलीची होणारी सासू रोज संध्याकाळी भाजीला जायची ती माझ्या त्या फ्लेक्सखालून. वहिनींनी खोलीत येणं सोडलं, आणि घरात गोळ्यांची पाकिटं कोणाला दिसायला नकोत म्हणून गोळ्याही सोडल्या. महिनाभराने त्यांचे यजमान परबभाऊ मला जिन्यात भेटले. म्हणाले, "वाट लागलीय विलास. ती दाराबाहेर पाऊल टाकत नाय. धुणं वाळत घालायला गॅलरीतपण जात नाय."

ताई गावाहून आल्या तेव्हाच त्यांनी फ्लेक्स पाहिला होता. माझी पाचावर धारण बसली होती. त्यांनी मला स्टूल आणायला सांगितलं, फ्लेक्स उतरवला, जमिनीवर उलटा अंथरला आणि पांढऱ्या बाजूवर मेथी ओतली. "बरं झालं," म्हणाल्या, "चटई फाटलीच होती." वहिनींचं कळलं तेव्हाही त्या रागावल्या नाहीत. माझ्या हातात पिशवी देऊन म्हणाल्या, "चल. जिने चढायचेत."

त्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि ताईंचे गुडघे तेव्हाही दुखत होते. वहिनींनी दार उघडलं नाही. ताईंनी दुसऱ्यांदा बेल वाजवली नाही. त्या दारासमोरच्या पायरीवर बसल्या, वर्तमानपत्र पसरलं आणि मेथी निवडायला घेतली. मीही बसलो. अर्धा तास ताई माझ्याशी इकडचं-तिकडचं बोलत राहिल्या, खालच्या मजल्यावर कोणाच्या फोडणीचा वास येतोय वगैरे. निघताना निवडलेली भाजी पिशवीत भरून कडीला अडकवली आणि बंद दाराला म्हणाल्या, "नलिनी, वेळेवर जेव गं. येते." खाली आल्यावर मला राहवेना. मी म्हटलं, ताई, मला ओरडा तरी. त्या म्हणाल्या, "ओरडून तिचं दार उघडणार आहे काय? पुढल्या गुरुवारी दोन जुड्या आण."

असे पाच गुरुवार गेले. आम्ही गेल्यावर पिशवी आत जायची, पण आमच्यासमोर दार बंदच राहायचं. परबभाऊ घरात डोळ्यात तेल घालून होते आणि ताई रोज त्यांच्याशी फोनवर बोलत. मला झोप लागत नसे. एका बाईने मोठ्या कष्टाने मिळवलेलं चालणं-फिरणं मी उगवत्या सूर्यासकट घालवून बसलो होतो. सहाव्या गुरुवारी ताईंचा हात दुखत होता म्हणून सगळी मेथी मी एकट्याने निवडली. पिशवी कडीला लावून आम्ही दोन पायऱ्या उतरलो, तोच मागे साखळी वाजली. दार हातभर उघडलं होतं. वहिनींनी पिशवीत हात घालून मूठभर भाजी बाहेर काढली होती.

"ताई, ही मेथी कोणी निवडल्यान? अर्धी काडीच आसा हेच्यात."

ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आत येवा. दाखवतंय कशी निवडतत ती."

त्या आठवड्यात ताई त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. गोळ्या नव्याने सुरू झाल्या. मुलीच्या सासरकडच्यांना सांगायचं की नाही, यावर ताईंनी एवढंच म्हटलं, "ते तुझं तू ठरव. गोळी मात्र आपल्या मनाने सोडू नको." वहिनींनी तेव्हा सांगितलं नाही. लग्न झालं, मुलगी सुखात आहे, आणि वहिनी पुढच्या महिन्यापासून गुरुवारी येऊ लागल्या. फ्लेक्स तेव्हापासून रोजच्या वापरात आहे, लाल अक्षरं जमिनीकडे करून.

हे सारं छापायचं म्हणून मी वहिनींना वाचून दाखवलं आणि नाव बदलू का असं विचारलं. त्या म्हणाल्या, "माझा नाव रवांदे. तू मेथी कशी निवडलंस ता मात्र नीट लिव." तेव्हा गेल्या महिन्यात घडलेलंही आता लिहायला हरकत नाही.

त्या गुरुवारी मी खोलीत पोचलो तर वहिनी आधीच येऊन फ्लेक्स अंथरून बसल्या होत्या. फ्लेक्स सुलटा होता. उगवता सूर्य, हात जोडलेल्या ताई, 'मानसिक आरोग्य', सगळं वर. मी घाईने तो उलटायला वाकलो.

"रवांदे भावजी," त्या म्हणाल्या. "तसोच रवांदे."

दारात एक बाई पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. पलीकडच्या गल्लीतल्या, वहिनींच्या विहीणबाई. यजमान गेल्यापासून त्यांना झोप नव्हती आणि वहिनींनी त्यांच्या चेहऱ्यावरून ते ओळखलं होतं. ओळखलं आणि मग आपल्या गोळ्यांचं पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं, मुलीच्या लग्नाला अडीच वर्षं झाल्यावर. विहीणबाई जमिनीवरच्या फ्लेक्सची लाल अक्षरं वाचत होत्या. त्यांचं वाचून होईपर्यंत वहिनी थांबल्या.

"वाचलंत ना? मग बसा आता."

त्या बसल्या, थेट अक्षरांवर. एकही माणूस उठून गेला नाही. वहिनींनी ताईंच्या छापील कपाळावर मेथीची जुडी सोडली. खुर्चीत बसलेल्या खऱ्या ताईंनी विहीणबाईंना विचारलं, "काही खाल्लंत का सकाळपासून?" मी लसूण जवळ ओढला, कारण मला रडू येत होतं आणि लसूण सोलताना ते खपून जातं.

ताई, तुमच्या अमृतमहोत्सवाला समितीने मला फ्लेक्सचं काम दिलं होतं, ते मी हात जोडून नाकारलं. आपल्याकडे एक आहे आणि तो आता सुलटा झाला आहे. तुम्हाला भरपूर आणि निरोगी आयुष्य मिळो, गुडघ्यांनी साथ द्यावी, आणि शंभराव्या वर्षीही तुम्ही माझी जुडी उलटीपालटी करून त्यातल्या काड्या काढाव्यात. आमचं एवढंच मागणं आहे, की तोवर कोणीही अवेळी तुमच्या दारात येऊ नये. यमराज आलेच तर मेस्त्रीकाका दार अर्धवट उघडतील आणि सांगतील: त्या झोपल्यात, नंतर या.