मुलांकडे बघणारे मोघे सर

सराव तासाला आलेले मोघे सर शिकवणाऱ्याकडे बघत नसत. शिकवणारा मैदानाच्या डाव्या बाजूला असला, तर ते उजव्या बाजूच्या मुलांकडे तोंड करून उभे राहत. माझ्या पहिल्या तासाला मी दोनदा त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो. ‘बाजूला हो रे,’ ते म्हणाले. ‘तू मधे आलास की मला खेळ दिसत नाही.’

वाराणसीच्या एका शारीरिक शिक्षण महाविद्यालयात ते आम्हा भावी क्रीडाशिक्षकांना शिकवण्याच्या पद्धती शिकवत. घर तिथल्याच दूधविनायक मोहल्ल्यात, चार पिढ्यांचं. वर्गात हिंदी, मी आणि वैदेही या दोन मराठी विद्यार्थ्यांशी मात्र घरची, हिंदीत भिजलेली मराठी. निम्मी नोकरी त्यांनी जुन्या पद्धतीने केली होती: रांगा, शिट्टी, चेंडू देण्या-घेण्याचा सराव आणि खेळ शेवटची पाच मिनिटं. पुढे एका प्रशिक्षणातून ते नवी पद्धत घेऊन आले. आधी छोटा खेळ, तीन विरुद्ध तीन. मग खेळ थांबवून एक प्रश्न. उत्तर मुलांनी शोधायचं आणि पुन्हा खेळायचं.

आम्हाला ते जमेना. प्रश्न विचारून उत्तरही आम्हीच देऊन टाकत असू. तेव्हा सर आम्हाला दुर्गाघाटच्या एका गल्लीत घेऊन गेले. तिथे मुलं क्रिकेट खेळत होती. भिंतीला लागून आलेला चेंडू झेलला तरी बाद, चेंडू कुणाच्या घरात गेला तरी बाद.

‘यांना कुणी रांगेत उभं केलं?’ सर म्हणाले. ‘गल्ली अरुंद, म्हणून सगळे सरळ आणि खालून मारतात. जागाच शिकवते यांना. तुम्ही जागा बनवून द्या आणि चुप राहा. चुप राहायची प्रॅक्टिस करा, बाकी सब होऊन जाईल.’

वैदेही त्याच दुर्गाघाटची, याज्ञिकांची मुलगी. गप्प राहणं सगळ्यांत आधी तिला जमलं. शहरातल्या एका शाळेने तिला जुलैपासून घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेत पास व्हायचं. बाहेरून येणारे परीक्षक रांग मोडली की गुण कापतात, अशी त्यांची ख्याती होती. आदल्या दिवशी सरांनी तिला बोलावलं.

‘बेटा, उद्या रांगा लाव. नोकरी लागू दे, मग शिकव तुला हवं तसं.’

‘सर, दोन वर्षं तुम्ही उलट सांगितलंत.’

‘सांगितलं. पण नोकरी तुझी जाईल ना, माझी नाही.’

दुसऱ्या दिवशी तिने मैदानाचे चार तुकडे केले आणि मुलांना थेट फुटबॉल खेळायला सोडलं. सात-आठ मिनिटांत परीक्षक उठले. ‘ये क्या हल्ला-गुल्ला है? लाइन कहाँ है? किसने सिखाया ये?’

वैदेहीचा चेहरा उतरला. सर सावकाश पुढे आले.

‘मैंने सिखाया,’ ते म्हणाले. ‘और कल मैंने ही मना किया था. डर गया था. इसने मेरी मानी नहीं. नंबर काटने हों तो काटिए, पहले किसी बच्चे से पूछ लीजिए.’

परीक्षकांनी समोरच्या घामेजलेल्या मुलीला विचारलं, चेंडू सोडून तू कोपऱ्यात का पळालीस?

‘उधर कोई था ही नहीं, सर. बॉल आता तो सीधे गोल.’

‘मैडम ने बताया?’

‘मैडम तो कुछ बताती ही नहीं!’

परीक्षक परत खुर्चीवर बसले. तास पूर्ण झाला. वैदेहीला उत्तीर्ण होण्यापुरते गुण मिळाले, जास्त नाहीत. जुलैत ती शाळेत रुजू झाली.

त्यानंतर सर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक तुकडीत परीक्षेच्या आधी कुणीतरी त्यांना विचारायचंच, उद्या जुन्या पद्धतीने तास घेऊ का? सर खिशातून फोन काढत. या प्रश्नात आपण एकदा नापास झालो आहोत, एवढंच सांगत आणि वैदेहीचा नंबर लावून फोन विचारणाऱ्याच्या हातात देत.