ग्रुपमधून न सांगता उठलेले मामा

माझ्या मामांइतका सभ्य आणि सभ्यतेपायी इतका धास्तावलेला माणूस अख्ख्या इंटरनेटवर दुसरा सापडायचा नाही. तलवाड्यात त्यांची शेती आहे. गावात ते चांगले धीट म्हणून ओळखले जातात. सापाला काठीवर उचलून बांधापलीकडे टाकतात, ग्रामसभेत सरपंचाला तोंडावर बोलतात. पण हातात फोन आला की त्यांना घाम फुटतो. आपल्या हातून कुणाचा अपमान होईल, ही एकच भीती. वडीलधाऱ्या माणसाचा मेसेज आडवं पडून वाचायचा नाही, म्हणून बाजेवर पाठ टेकलेली असताना फोन वाजला तर ते उठून बसतात, टोपी घालतात आणि मगच उघडतात. व्हिडिओ कॉलच्या आधी साधा फोन करून "येऊ का?" असं विचारतात, आणि समोरच्याने "या" म्हटल्यावरही पाच मिनिटं थांबतात. घरात कोण कसं बसलेलं असेल, सावरायला वेळ द्यावा ना! कॉलवर थोरलं माणूस आलं की उभे राहतात. मग कॉल संपेपर्यंत आम्हाला मामांच्या सदऱ्याची तीन बटणं तेवढी दिसतात. एका दिवाळीला मी त्यांना फराळाच्या ताटाचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "ताट पोचलं. लई गोड झालं." शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून सोबत शेतातल्या चार पेरूंचा फोटो.

ही धास्ती दुप्पट झाली ती त्यांची लेक दिंद्रुडला दिल्यापासून. व्याह्यांनी सगळ्या गोतावळ्याचा एक ग्रुप काढला आणि मानाने मामांना त्यात घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी धार काढून झाली की मामा तिथे "रामराम" घालतात. मग ज्यांनी ज्यांनी उत्तर दिलं त्या प्रत्येकाला नाव घेऊन पुन्हा रामराम, वयाच्या क्रमाने. एकदा व्याह्यांच्या चुलत्यांचं नाव त्यांच्या पुतण्याच्या मागे लागलं, तर मामांना दोन दिवस घास उतरला नाही. मामी वैतागून म्हणाली, "लग्नातबी एवढं घाबरला न्हवता तुमी."

"लग्न एका दिवसात उरकलं. हे रोजचं हाय," मामा म्हणाले. "आपली लेक त्यांच्यात नांदती. आपलं बोट चुकलं तर बोलणं तिला खावं लागंल."

बोट मामांचं आणि भोग लेकीचे, हे ओझं घेऊन तो भला माणूस रोज दहा-बारा रामराम लिहीत होता.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मी माजलगावात दात घासत अंगणात उभा होतो, तर फाटकात मामा. धुतलेला सदरा, हातातल्या पिशवीत नारळ आणि कोरी टॉवेल-टोपी, आणि चेहरा असा उतरलेला की मी चूळही न भरता फाटकाकडे धावलो.

"भाचेबुवा, मी पंगतीतून उठलो," ते म्हणाले.

हळूहळू उलगडा झाला. तीन दिवसांपूर्वी कपाशीवर फवारणी करताना ओल्या हाताने त्यांनी फोन काढला, ग्रुपमध्ये काहीतरी उघडायला गेले आणि भलतीकडेच शिरले. "त्यानं विचारलं, ग्रुपमधून बाहेर पडायचं का? मी वाचायच्या आधीच हो म्हणून बसलो. कुणी काय विचारलं तर न्हाई म्हणवत न्हाई मला."

"मग व्याह्यांना फोन करा, परत घ्या म्हणावं."

मामांनी माझ्याकडे फार दुःखाने पाहिलं. "बोलावणं मागून घेत्यात का कुठं? अन तुमाला कसं कळंना, रुसायचा मान वरबापाचा असतोय. पोरीचा बाप भरल्या पंगतीतून न बोलता उठून गेला, असं झालंय हे. पायानं जाऊनच माफी मागाय पाहिजे."

"पण तिथं बोट घातलंच कावून?" मी विचारलं. मामा टोपीची घडी नीट करू लागले.

दिंद्रुडच्या एसटीत मी त्यांच्या शेजारी बसलो, म्हणजे त्यांना धरूनच बसलो. दर थांब्याला ते उतरून परत फिरायला उठायचे. मध्येच फोन काढून ग्रुप उघडायचे. आपण आता सदस्य नाही ही तिथली ओळ पुन्हा वाचायचे आणि मान खाली घालायचे. "तीन दिस झाले. एकाचाबी फोन न्हाई. लेकीचाबी न्हाई. तिला काय म्हणले असतील हो?" असं त्यांनी इतक्यांदा विचारलं की शेवटी मलाही धाकधूक व्हायला लागली.

व्याह्यांच्या अंगणात पोचलो तर तिथे वेगळंच. व्याही कडक फेटा बांधून, भावकीतली दोन माणसं सोबत घेऊन निघायच्या बेतात उभे. त्यांच्याही हातात पिशवी, तिच्यातूनही नारळाची शेंडी बाहेर आलेली. मामांना बघताच त्यांचा चेहरा पडला. नातवाचं जावळ काढलं तेव्हा आलेल्या पाहुण्यांचे त्यांनी ग्रुपवर नावानिशी आभार मानले होते, आणि त्यात नेमकं मामांचं नाव राहिलं. दुसऱ्या दिवशी मामा ग्रुपमधून गेले. तीन दिवस ते घर मामांच्या रुसव्याने हवालदिल झालं होतं, आणि माफी फोनवर मागायची नसते म्हणून व्याह्यांनी लेकीलाही फोन लावू दिला नव्हता.

"पाव्हणं, नाव ऱ्हाऊन गेलं माझ्याच्यानं. लई वाईट झालं."

"न्हाई न्हाई, आमचं बोट वलं होतं!"

"आसू द्या, चूक आमचीच हाय."

"तुमची कशी? आमचीच!"

चूक कुणाची यावरून दोघांचं भांडण व्हायची वेळ आली. अखेर दोघांनी एकमेकांना टोपी घातली, नारळ दिले, आणि व्याह्यांनी मामांना ग्रुपमध्ये परत घेतलं. साक्षीदार म्हणून मलाही घेतलं. मामांनी लगेच "रामराम, पोचलो" असं लिहिलं. सगळे हसत घरात गेले. मला वाटलं, मिटलं. पण मामा ओसरीवर फोनवर वाकून बसले होते. स्वतःच्याच मेसेजवर बोट दाबून धरलेलं.

लेक चहा घेऊन आली आणि मागे थांबून बघू लागली. "आप्पा, काय शोधताव?"

मामा चपापले. मग चोरी पकडल्यासारखं म्हणाले, "कुणी कवा वाचलं त्याची यादी असती इथं. तुझं नाव बघत होतो. त्या दिशीबी तेच शोधाय गेलतो."

"माझं नाव? मग मलाच मेसेज करायचा की."

"सासरी नांदत्या लेकीला रोज रोज काय लिहायचं, माय? बरं दिसत न्हाई. गटात टाकलं की समद्यांला पोचतं. तू आठाच्या आत वाचलं की समजतो, बरी हाय. उशीर झाला की जीव लागत न्हाई कामात. हे तीन दिस तर काईच कळायला मार्ग न्हवता."

ती कप तिथेच ठेवून आत गेली. निघताना मला फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "दादा," ती हळूच म्हणाली, "रामरामच असतंय म्हणून कित्येकदा मी दुपारपर्यंत उघडतबी न्हवते."

मामा अजून तसेच घाबरतात. परवा कुणाच्या तरी बारशाला त्यांचं "अभिनंदन" दोनदा गेलं, तर दुसरं परत घ्यावं की राहू द्यावं हे विचारायला त्यांनी मला तीन फोन केले. पण सकाळचा रामराम चुकत नाही. मामांकडे गेलो की मीही आता त्यांच्या फोनवर ती यादी उघडून बघतो. सात वाजायच्या आत तिथे पहिलं नाव लेकीचं असतं. त्याखाली माझंही. माझं नाव तिथे कुणी शोधत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी उघडायला उशीर झाला की उगीच चुटपुट लागते.