विमानांच्या घासलेल्या शेपट्या

हे कागद कुणाच्या हाती लागलेच तर अक्षराबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली, ऱ्हस्व-दीर्घ तिथेच राहिले. सामानाची यादी लिहून दिली तर वाणी ती मलाच वाचायला सांगतो, आणि मलाही ती लागत नाही.

घाटकोपरला डोंगरावर आमच्या चाळीत बायका घरी बसून इमिटेशनचे दागिने करतात. मीही करायचे. एक नमुना मिळतो, लॉटमधलं प्रत्येक कानातलं हुबेहूब तसंच हवं. एक जरी वेगळं निघालं तरी लॉट परत. ते काम आटलं तेव्हा शेजारच्या वहिनीने मला साकीनाक्याच्या एका गाळ्यात लावलं. तिथे लाकडाची शोभेची विमानं बनतात. फार जुन्या लढाईतली, बॉम्ब टाकणारी. पंखांवर पंख, जसा आमच्या खोलीवर पोटमाळा.

गाळ्याच्या मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांनी मला इंजिनाचे डबे पॉलिश पेपरने घासायला दिले. हे डबे दोन पंखांच्या मध्ये बसतात. एक तयार विमान समोर ठेवून, हे बघून करा, एवढं सांगून ते रंगाच्या दुकानात गेले.

मी बघितलं. तयार विमानाचे डबे आखूड होते. माझ्या पाटीतल्या निम्म्या डब्यांना मात्र मागे लांब, निमुळती शेपटी. कापायची राहिली असेल, असं वाटलं. विचारावं तर गाळ्यात सगळे पुरुष, आणि माझा आवाज घरातसुद्धा दुसऱ्यांदा बोलल्यावर ऐकू येतो. त्यापेक्षा घासणं बरं. दुपारपर्यंत एकूण एक शेपटी घासून काढली आणि शाबासकीची वाट बघत बसले.

काका आले. एक डबा उचलून बराच वेळ फिरवत राहिले.

"ताई, शेपट्या कुठं गेल्या?"

मी जमिनीवरच्या भुशाकडे बोट दाखवलं.

मग त्यांनी समजावलं. विमानं एकाच घरातली, पण दोन. आधीच्या विमानाची पेट्रोलची टाकी त्या डब्यातच, इंजिनामागे असायची, म्हणून शेपटी. पुढच्यात टाकी पोटात नेली, डबा आखूड झाला. बघणाऱ्याला दोन्हींतला फरक कळायचा तो तेवढ्यावरूनच, आणि तोच मी झाडून कचऱ्यात टाकायला निघाले होते. गिऱ्हाइकाला तर दोन्ही शेजारी शेजारी मांडायची होती.

काम गेलं असंच मी धरलं. काका म्हणाले, वाया गेलेल्या मालाचे पैसे दर शनिवारी थोडे थोडे कापीन. उद्या येऊ नका, असं काही म्हणाले नाहीत, म्हणून मी येत राहिले. मनात दोन्ही विमानांना जावा ठरवलं. थोरली पदर मागे सोडून चालते, धाकटीने तो कमरेला खोचलाय. हे मी वहिनीला सांगून बसले. तेव्हापासून ती नळावर सगळ्यांसमोर विचारायची, "काय गं, आज कुणाचा पदर कापलास?"

गेल्या आठवड्यात नवी पाटी आली. परत काही लांब, काही आखूड. पेपर हातात घेतला, खाली ठेवला आणि काकांच्या मागे जाऊन उभी राहिले. दोनदा खाकरले. मग आवाज निघाला तो एवढा मोठा, की रंगवाल्याचा ब्रश थांबला.

"काका, यात एकच विमान आहे की दोन?"

"दोन," ते म्हणाले. "विचारलंत ते बरं केलंत."

शनिवारी पगार हातात आला तो जास्त वाटला. काका चुकले असणार. आता तेही सांगणं आलं, म्हणून पुन्हा मागे जाऊन खाकरले.

"चूक नाही, ताई. शेपट्यांचे पैसे फिटले तुमचे."