मायच्या नावे चौदाशे वीस रुपये

लातूरच्या एका कॉलेजात मी अकरावीच्या मुलांना हिशेब शिकवते. पहिल्याच आठवड्यात एक नियम सांगावा लागतो: घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. पोरं तो वहीत उतरवून घेतात, दोन दिवसांत पाठही करतात. मला मात्र तो फळ्यावर लिहिताना दर वर्षी राग येतो. खडू मोडतो. पोरांना वाटतं, मॅडम कडक आहेत. वाटू दे.

आमचा जिल्हा नवा झाला तेव्हा मी अहमदपूरला आठवीत होते. कालपर्यंत उस्मानाबादचे होतो, ते लातूरचे झालो. आमच्या चुलीला त्याचं काही नव्हतं, पण गावाबाहेरच्या माळाला एकदम भाव आला. जिकडेतिकडे चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडले. आमचं घर गायरानावर होतं, म्हणजे सरकारी जमिनीवर, चार पत्र्यांचं. बाप नांदेडकडे विष्णुपुरीच्या धरणावर मजुरीला, वर्षातून दोनदा यायचा. महिन्या-दोन महिन्यांनी तलाठ्याचा माणूस दारात उभा राहायचा आणि मायला विचारायचा, "जागा कुनाच्या नावे हाय?" माय पदराशी चाळा करत राहायची. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पुरुषांना सुनावणारी बाई, या एका प्रश्नापुढे तिची बोलती बंद व्हायची.

त्यामुळे 'नावे' या शब्दाने तिला झपाटलं होतं. काहीतरी आपल्या नावे पाहिजे, म्हणजे कुणी उठवू शकत नाही. एवढं साधं गणित.

माय मोंढ्यात एका आडतीवर कामाला होती. शेतकऱ्यांचा माल तिथे विकायला यायचा आणि माय व आणखी चार बाया ती ज्वारी, ती तूर चाळून-पाखडून पोत्यात भरायच्या. आठवड्याची मजुरी अठ्ठेचाळीस रुपये. जिल्हा झाल्यावर एका बाजारच्या दिवशी तिने मुनिमाला सांगितलं, "अडतीस हातात द्या. दहा माझ्या नावे टाका."

मी शेजारीच उभी होते. मुनिमाने चष्म्याच्या वरून बघितलं. "नावे टाकू?"

"हाव. नावेच टाका. प्लाट घ्यायचाय मला."

"बरं बाई. तू म्हनतीस तसं." आणि त्याने हसत लिहिलं, पुढे मायचा अंगठा घेतला. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला असता तर!

दर आठवड्याला मायला एक चिठ्ठी मिळायची. घरी आली की ती हातपाय धुवायची, चिठ्ठी माझ्यापुढे धरायची आणि म्हणायची, "वाच." मी वाचायची, "नावे दहा." "परत वाच." मी परत वाचायची. मग ती चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात जायची. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात शिकलेल्या माणसाला मान. आणि घरातली शिकलेली म्हणजे मी. माझ्या तोंडून 'नावे' ऐकताना मायचा चेहरा असा काही फुलायचा की मी मुद्दाम ठासून वाचायची.

नव्या जिल्ह्याच्या पाठोपाठ दुष्काळ आला. मोंढा ओस पडला. माल नाही तर चाळणार काय? आठवड्यातून दोन-तीन दिवस काम, बाकीचे दिवस टँकरच्या रांगेत. मजुरी वीस-बावीसवर आली तरी मायने दहा नावे टाकायचे सोडले नाहीत. आम्ही मिठाशी भाकरी खाल्ली आणि तीही मोजून. मी कुरकुरले की ती म्हणायची, "खाऊन काय हुतंय? सकाळी परत भूक. जागा राहती."

दुष्काळाने एवढंच केलं की प्लॉटचे भाव उतरले. प्लॉटवाल्याने मायला सांगितलं, चौदाशे आणून दे, कागद करू, बाकीचे हप्त्याने. मायने मला डबा मोजायला लावला. एकशे बेचाळीस चिठ्ठ्या. चौदाशे वीस. माय हसली. अख्ख्या दुष्काळात तिला मी तेवढं एकदाच हसताना पाहिलं.

त्याच आठवड्यात माझ्या अकरावीच्या वर्गात सरांनी हिशेबाचा पहिला धडा घेतला. "दुकानदाराच्या वहीत ज्याने पैसे घेतले त्याच्या नावे टाकायचे. ज्याने दिले त्याच्या जमा करायचे. नावे म्हणजे तो आपलं देणं लागतो. जमा म्हणजे आपण त्याचं."

मी हात वर केला. म्हटलं, "सर, नावे म्हणजे त्याच्या मालकीचं ना?" अख्खा वर्ग हसला. सरही हसले. "उलट आहे बाळ. नावे म्हणजे त्याच्या डोक्यावर."

पुढचं काही मला ऐकू आलं नाही.

मायला घेऊन मी तशीच मोंढ्यात गेले. डबा माझ्या काखेत. मुनिमाने खतावणी काढली, म्हणजे ज्यात एकेका माणसाचं पान असतं ती वही. मायचं पान निघालं. नावेच्या बाजूला ओळीने दहा, दहा, दहा, प्रत्येकापुढे 'उचल', म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, असं लिहिलेलं आणि प्रत्येकाला मायचा अंगठा. जमेची बाजू कोरी. मजुरी पूर्ण हातात दिली असं वहीत दाखवलेलं, आणि तिने हातात न घेतलेले दहा रुपये तिने उचलले म्हणून तिच्याच नावे. एकदा गिळले आणि वर तिच्याकडूनच मागायला मोकळे.

"ही लबाडी आहे," मी ओरडले. "हे जमा पाहिजे होतं."

मुनीम शांत होता. "पोरी, तुझ्या मायला इचारून लिहिलंय मी. तीच म्हनली, नावे टाका. दर बाजारी म्हनली. साक्ष हाय का तुझ्याकडं दुसरी?"

मी डबा त्याच्यापुढे उपडा केला. एकशे बेचाळीस चिठ्ठ्या. त्याने त्यातली एक उचलली आणि माझ्यासमोर धरली. "वाच."

मी वाचली नाही. मला वाचता येत होतं, तोच तर घोटाळा होता. पुरावा म्हणून जे आणलं होतं त्याच्या प्रत्येक तुकड्यावर त्यांची बाजू लिहिलेली होती, आणि ती तीन वर्षं मीच मायला वाचून दाखवली होती.

आत गादीवर बसलेल्या मालकाने मोठ्या मनाने सांगितलं, एकदम फेडू नको, कामातून दहा-दहा कापून घेऊ. आसपास दुसरं काम नव्हतं. माय दुसऱ्या दिवशी त्याच आडतीवर गेली. न घेतलेलं कर्ज तिने चाळून-पाखडून फेडलं. प्लॉट दुसऱ्या कुणीतरी घेतला.

त्या दिवशी मोंढ्यातून परत येताना तिने रस्त्यात विचारलं, "मग म्या काय म्हनाया पाहिजे हुतं?"

"जमा."

"जमा," ती म्हणाली. "येवढंच?" मला तिने एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

त्या मुनिमाला मी आजही माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही. पण ठासून वाचणाऱ्या त्या पोरीला तर त्याहून नाही.

नोकरी लागल्यावर पुढे कितीतरी वर्षांनी मी लातूरला घर घेतलं. कर्ज माझं, हप्ते माझे, पण घर मायच्या नावे करायचं हे मी अकरावीतच ठरवलं होतं. रजिस्ट्री कचेरीत तिला खुर्चीवर बसवलं. कारकुनाने कागद पुढे ओढला आणि विचारलं, "कुणाच्या नावे करायचंय?"

"हिच्या," मी म्हटलं.

माय खुर्चीतून उठली. तिने अंगठा मुठीत आवळून पदराखाली घेतला. "माझ्या नावे नगं, पोरी," ती म्हणाली. "आता फेडायला अंगात जोर न्हाई."