आत्याचे हप्ते

शुद्धलेखनाची आणि माझ्या वेड्यावाकड्या अक्षराची आधीच माफी मागते. चौथीपर्यंतच शिकले. पुढे हातात पेनापेक्षा लाटणंच जास्त राहिलं. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागून ठेवलेली बरी. चारचौघांत मला तेवढंच बोलता येतं.

मुलगी पदवीनंतर दोन वर्षं वैद्यकीय नीतिशास्त्र शिकली. डॉक्टरांनी रोग्यापासून काय लपवू नये, त्याला विचारल्याशिवाय काय करू नये, असा तो अभ्यास. आमचे हे म्हणाले, यात शिकायचं काय, हे तर माणसाला कळतंच. फी मात्र आम्हाला झेपणारी नव्हती. ती दिली ह्यांच्या मोठ्या बहिणीने. पोस्टातून निवृत्त झालेली, बोरिवलीला एकटी राहते. आम्ही सगळेच तिला आत्या म्हणतो आणि सगळेच घाबरतो. आत्याने व्याज घेतलं नाही, पण अट घातली. दर महिन्याला हप्ता, तोही हातात आणून द्यायचा. आम्ही घाटकोपरहून जायचो, निम्म्या वेळा उशिराच, आणि दर वेळी चहासोबत बोलणी खायचो.

घरी मी भाजी चिरायला बसले की मुलगी मला पेशंट करायची. ती डॉक्टर. "बाई, तुमच्या तपासणीचं सांगायचं आहे. किती सांगू, तुम्ही सांगा." मी म्हणायची, माझ्या नवऱ्याला विचारा. ती वैतागायची. "आई, हेच तर चुकतं ना सगळ्यांचं." मला पेशंट म्हणून कधी पास होता आलं नाही.

दुसऱ्या वर्षी आत्याच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, नातेवाईक कोण? हे पुढे झाले. रोग वाईट होता आणि पसरलेला होता. हे परत आले ते ठरवूनच, आत्याला सांगायचं अल्सर. कळलं तर ती हाय खाईल. मुलगी म्हणाली, आजार तिचा आहे, तिला कळायला हवं. हे म्हणाले, "तिच्या पैशावर शिकलीस ना? मग ते तिच्यावरच चालवू नकोस."

ती उठून अभ्यासाला बसली. त्याच आठवड्यात तिने मोठा निबंध दिला, रोग्याला खरं सांगण्याविषयी. सरांनी वर्गात वाचून दाखवला म्हणे. आत्याला फोनवर ते कळलं तेव्हा तिने विचारलं, निबंध कशावर होता? मुलीने सांगितलं, असंच, कॉलेजचं काहीतरी.

आत्या मला विचारायची, "अल्सरचं औषध इतकं कडक असतं गो?" मी म्हणायची, ह्यांना विचारते.

मग ह्यांच्या मनाने घेतलं की बहिणीचं देणं डोक्यावर ठेवून तिला जाऊ द्यायचं नाही. आमच्याकडे ते पाप मानतात. खोटं बोलण्याचं मात्र कुणाला काही वाटत नव्हतं. माझी भिशी लागली होती, ह्यांनी पतसोसायटीकडून उचल घेतली, आणि उरलेली सगळी रक्कम पाकिटात घालून आम्ही तिघं बोरिवलीला गेलो. ह्यांनी वर पेढेही घेतले.

आत्याने पाकीट उघडून आत पाहिलं. मग भावाकडे पाहिलं. रागावली की ती मालवणीत बोलते, पण त्या दिवशी अगदी हळू बोलली.

"जल्मात कधी येळेवर पैशे दिलंस नाय. आज सगळे एकदम हाडलंस. माका काय झालाहा?"

हे पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडत राहिले. आत्याने मुलीकडे तोंड वळवलं. "तू सांग. शिकलंस ना?"

मुलगी खुर्चीवरून उठून तिच्या पायाशी खाली बसली. "किती सांगू, आत्ये?"

"सगळा."

तिने सांगितलं. मध्ये रडली, ते बहुतेक अभ्यासात नसावं. आत्या रडली नाही. वेळ किती आहे विचारलं. ते नक्की कुणालाच सांगता येत नाही, असं मुलगी म्हणाली. मग आत्याने भावाला, अल्सरचे पेढे कोण आणतो रे, असं विचारलं, आणि पाकिटातून त्या महिन्याच्या हप्त्यापुरत्या नोटा काढून बाकीचं पाकीट त्याच्या मांडीवर ठेवलं.

"ठरलाहा तसा हाडायचा. एकदम देऊन मोकळे झालास तर माझ्याकडे येतलो कोण?"

त्यानंतर हप्ता एकदाही चुकला नाही. डॉक्टर आता आत्याशीच बोलायचे, आणि हे बाहेर बाकावर बसायचे. कडक औषध तिने काही महिने घेतलं, मग स्वतःच नको म्हणाली. ह्यांना ते पटलं नाही, पण ह्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मुलीला नोकरी लागल्यावर हप्ता तिच्या पगारातून जाऊ लागला.

शेवटच्या हप्त्याला आत्या पलंगावरच होती. उशीला टेकून बसली, अंगठा जिभेला लावला आणि पोस्टातल्यासारख्या नोटा मोजल्या. एक नोट उजेडात धरली. चिकटपट्टी लावलेली होती.

"ही चलायची नाय," ती म्हणाली.

मी माझ्या पर्समधली चांगली नोट काढून दिली. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं, नोटा उशीखाली सारल्या आणि म्हणाली, "फिटला सगळा. आता चहा टाक."