शकुनबाईंचा पहारा

गेल्या माघात, रायपूरजवळच्या बीरगांवात मराठी मंडळाच्या हरिनाम सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी बरोबर दोन वाजता शकुनबाईंना वीणा नाकारली गेली. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. तासातासाला एक उभा माणूस ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. त्या तासाला पहारा म्हणतात. यादीत शकुनबाईंचं नाव होतं. पण मंडळाचे प्रमुख, रेल्वेतून निवृत्त झालेले देवरावजी, सगळ्यांदेखत म्हणाले की कारखान्याचे संडास धुणाऱ्या हातांत वीणा देता येणार नाही. शकुनबाई माझ्या वर्ध्याच्या मैत्रिणीची आत्या. म्हणून यंदा मी पन्नास पत्रकं पिशवीत घालून निघाले. मथळा माझाच होता: ‘देवरावजी, उत्तर द्या!’

रायपूरला उतरले आणि तावातावात चुकीच्या बसमध्ये चढले. तेलीबांध्याचा तलाव मागे पडला तेव्हा शंका आली, पण उशीर झाला होता. नव्या रायपूरचे रस्ते एवढे रुंद, की पलीकडच्याला हाक मारायची तर कर्णा हवा. आणि पलीकडे कुणी नव्हतंच. परतीच्या बसची वाट बघत टपरीवर फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले, फोडणी दिलेले लांबट गोळे) दोन प्लेट खाल्ला. राग कमी झाला नाही, भूक झाली.

बीरगांवला त्यांच्या घरी पोचले, तेव्हा शकुनबाईंनी पत्रक हातात धरून सावकाश वाचलं.

“काहून छापलं हे, पोट्टी? मले पहारा पाहिजे, तमाशा नाही.”

मग कळलं ते असं. बाईंना परत पाठवल्यावर त्यांच्या पाऱ्यातल्या (वस्तीतल्या) बायका मंडळात जायच्याच बंद झाल्या. दुपारचे पहारे ओस पडले. एकदा देवरावजी मांडवात आले तर वीणेकरी पेंगत होता आणि नाम मोबाइलवर लावलेलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत म्हणे. दिवाळीपासून दर गुरुवारी बाईंच्या दारात येऊन चूक झाली म्हणायचे, चहा न घेता जायचे.

मी विचारलं, मग माफ का नाही केलं?

“दारात मागणं सोपं असते. नाही म्हटलं होतं चारचौघांत.”

मी पत्रकं परत पिशवीत घातली.

सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी आम्ही मांडवाच्या कडेला बसलो. एक ते दोन देवरावजींचाच पहारा होता. दोन वाजले. त्यांनी टाळ थांबवायला सांगितले, वीणेची तार मात्र छेडत राहिले.

“मागच्या साली याच वेळी मी शकुनबाईले नाही म्हटलं. देवानं म्हटलं नव्हतं, मी म्हटलं. माझी चूक झाली. पहारा तिचा आहे.”

बाई उठल्या नाहीत. मंडळातले एक गृहस्थ पुढे आले, वीणा माझ्याकडे द्या म्हणाले. देवरावजींनी दिली नाही. अडीच झाले. ते या पायावरून त्या पायावर भार टाकायला लागले. मी बाईंना कोपरानं ढोसलं.

“उभा राहू दे थोडा. वर्षभर मी काय बसून होती?”

तीन वाजता त्या उठल्या, हात धुतले, वीणा गळ्यात घेतली. देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, अशी रीत आहे. बाई वाकून सरळ झाल्या; देवरावजी वाकले ते वाकलेलेच. गुडघे अडकले.

“उठा आता, देवरावजी. माफ केलं, म्हणून तिथंच मुक्काम करता का?”

अख्खा मांडव हसला. एका बाजूनं बाईंनी, दुसऱ्या बाजूनं मी धरून त्यांना उभं केलं. तेही हसत होते आणि डोळे पुसत होते.

मग यादीभोवती गर्दी झाली. पाऱ्यातल्या बायका आल्या. कॉलेजातली एक पोट्टी, जिला मराठी कळते पण बोलते हिंदी, विचारत होती, “दीदी, मेरा नंबर कब?” संध्याकाळपर्यंत यादीत एकही तास रिकामा नव्हता. पंगतीत देवरावजी स्वतः वाढत होते. माझ्यापाशी थांबून म्हणाले, “भांडायले आली होती ना तू? घे अजून भात. भांडायले ताकद लागते.”

परतीच्या गाडीत मी एवढंच मान्य केलं: देवाचा माणूस पुढे उभा राहतो तो मान घ्यायला नाही, चूक पहिल्यांदा कबूल करायला. मग मागचे आपोआप येतात.

आता तुमचं बोलू. तुमच्या देवळात कुणाला नाही म्हटलं गेलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा तुम्ही गप्प बसला होतात. जिथे नाही म्हटलं, तिथेच उभं राहून, सगळ्यांसमोर, आपली चूक सांगा. आणि तो माणूस लगेच उठला नाही, तर बसू नका.