परतीच्या गाडीचे बैल

आम्ही नळदुर्गला राहत होतो तेव्हा, त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात, आमच्या ओसरीवर एक काच मांडलेली असे. दोन बाजूंना विटांची चळत, त्यावर आडवी काच आणि तिच्याखाली तिरपा आरसा. ऊन ओसरीवर चढलं की आरशातून ते काचेच्या पोटाला लागे. मग काचेवर एक कागद, त्यावर दुसरा कागद, आणि त्यावर वाकलेला चाँदपाशा. खालच्या कागदावरचा बैल वरच्या कागदातून दिसे. त्याचा पाय नखभर पुढं सरकवून चाँदपाशा नवा बैल काढी. कागद हलू नयेत म्हणून त्यांना भोकं पाडलेली असत आणि ती दोन लाकडी खुंट्यांत अडकवलेली असत. बारा कागद झाले की पडद्यावरचा एक सेकंद झाला. सकाळपासून दुपारपर्यंत कधी एक सेकंद व्हायचा, कधी तोही नाही.

चाँदपाशा हा मागच्या घरातल्या खाजाभाईंचा मुलगा. त्यांच्या घरात ऊन येत नसे, म्हणून काच आमच्या ओसरीवर. खाजाभाई हमरस्त्यावरच्या ट्रकांवर नावं आणि मोर रंगवायचे. मुलगा मुंबईला चित्रकला शिकला आणि मग दोन वर्षं हलत्या चित्रांचं काम शिकला. तिथंच नोकरीला राहता आलं असतं. पण तिथं त्याच्या वाट्याला कायम मधली चित्रं येत. पहिलं आणि शेवटचं चित्र मोठ्या चित्रकारानं काढायचं, मधली दहा यानं भरायची. दोन वर्षांत त्यानं एकाही प्राण्याला स्वतःहून पाऊल टाकायला लावलं नव्हतं. हे सांगताना तो हसायचा, पण मान खालीच असायची. त्याला कुणाच्या पगारावर न राहता स्वतःच्या नावानं कामं घ्यायची होती, पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत.

घरी हे कुणाला पटण्यासारखं नव्हतं. त्याच्या आईनं, सकिनाबीनं मला एकदा विचारलं की, बाई, मालक नाही अशी नोकरी असते का कुठं. त्यातच जिल्हा परिषदेचा हुकूम आला, बेंबळीच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून. सोळा डिसेंबरपर्यंत हजर व्हायचं होतं. खाजाभाई कमी बोलणारे. त्यांनी एवढंच ठरवून दिलं की हातातलं हे पहिलं काम मुंबईत पास झालं तर पोरानं आपल्या वाटेनं जावं. नाही झालं तर बेंबळी.

काम होतं मुंबईच्या एका जाहिरातवाल्या साहेबांचं, बैलगाडीच्या रबरी चाकांच्या जाहिरातीचं, अर्ध्या मिनिटाचं. त्यात हलती गाडी बारा सेकंदांची, बाकी चाकांची स्थिर चित्रं आणि अक्षरं. माल भरलेली गाडी बाजाराला जाते, रिकामी गाडी बायकोपोरांना घेऊन परत येते, बस्स. ही फिल्म मोटारीतून गावोगावच्या बाजारांत दाखवायची होती. आठ तारखेला कागद मुंबईत पोहोचायला हवे होते. म्हणजे सहा तारखेच्या दुपारच्या एसटीनं पार्सल सोलापूरला आणि तिथून रेल्वेनं.

चार तारखेला दुपारी शेवटचा कागद झाला. चाँदपाशानं पेन्सिल ठेवली आणि हाताची बोटं एकेक करून मोडली. तेवढ्यात शेतातल्या वस्तीवरचे धोंडप्पामामा आले. चित्रातल्या गाडीचे बैल त्यांचेच होते. एक पांढरा, उंच, आणि दुसरा काळसर, ठेंगणा, एक शिंग मोडलेला. चाँदपाशा आठवडाभर त्यांच्या वस्तीवर बसून ते बैल पाहून आला होता. मोडकं शिंगसुद्धा त्यानं हौसेनं चित्रात घेतलं होतं.

त्यानं कागदांची चळत अंगठ्याखाली धरून भराभर सोडली. गाडी निघाली. बैलांच्या माना वरखाली होऊ लागल्या, खांद्यापाशी कातडं हललं. मामा खुशीत मांडीवर थाप मारून म्हणाले, चालतंय की बेणं. मग त्यानं परतीची चळत सोडली.

मामा म्हणाले, "परत दाव."

त्यानं दाखवली. त्यांनी तिसऱ्यांदा दाखवायला लावली आणि मग शांतपणे विचारलं, "बाजारात बैल इकलं का रं त्या मानसानं?"

चाँदपाशाला कळेना. मलाही नाही कळलं. तेव्हा मामांनी दोन्ही हातांचे दोन बैल केले. उजवीकडं जुंपायचा बैल जन्मभर उजवीकडंच चालतो. बाजू बदलली तर बिथरतो, जू टाकतो. चित्रातली गाडी जाताना पांढरा बैल आपल्या जवळच्या अंगाला होता, म्हणजे गाडीवानाच्या उजवीला. येताना गाडीचं तोंड फिरलं, तर आता आपल्या जवळ काळा यायला हवा. चित्रात तर पुन्हा पांढराच जवळ. म्हणजे पांढरा डावीला गेला.

चाँदपाशा खुंट्यांकडं बघत राहिला. जाण्याचे बहात्तर कागद त्यानं काचेवर पालथे घातले होते आणि त्यांच्यावरून परतीचे बहात्तर उतरवून घेतले होते. मुंबईत शिकलेली युक्ती. मान, पाय, चाकं, सगळं आयतं उलटं मिळतं आणि आठ दिवस वाचतात. हे बैल त्यानं आठवडाभर जवळून पाहिले होते आणि तरी कागद पालथा घालताना बैलांची जागा पालथी होते हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

सकिनाबी दारातून म्हणाली की मुंबईत कुणाच्या ध्यानात येणार आहे. तिचं खोटं नव्हतं.

"पर बघनार कोन हाय?" मामा म्हणाले. "आमीच की. चाकाकडं कोन बघतंय मग? समदा बाजार बैलालाच हसंल."

मामा गेले. काम अगदी साधं उरलं होतं आणि अशक्य होतं. एक पांढरा उंच, एक काळा ठेंगणा, म्हणजे नुसती शिंगं खोडून भागणार नव्हतं. दोन्ही बैल नव्यानं काढायचे. एका कागदाला अर्धा तास. बहात्तर कागदांना छत्तीस तास, आणि ऊन उरलं होतं जेमतेम दीड दिवसाचं. आमच्या गल्लीत तेव्हा वीज आली नव्हती.

तो संध्याकाळी जेवला नाही असं सकिनाबीनं मला सांगितलं. पाच तारखेला मात्र उजाडताच ओसरीवर हजर. त्यानं तोड काढली होती. परतीची गाडी पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणार नाही. ती पडद्याच्या मधोमध जागच्या जागी चालेल आणि मागचा रस्ता सरकेल. मग बैलांची दोन सेकंदांची चाल पुरे, म्हणजे चोवीसच कागद. तीच पुन्हा पुन्हा फिरवायची. फक्त मागं सरकायला झाडांचा, बांधांचा एक लांबलचक रंगीत पट्टा लागणार होता. चार हात लांब. तो काढायला त्याच्याकडं वेळ नव्हता.

खाजाभाई तिथंच तंबाखू मळत उभे होते. ऐकून घेतलं आणि कामावर निघून गेले. तासाभरानं परत आले ते डबे, ब्रश आणि कागदाची गुंडाळी घेऊन. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला गुंडाळी उलगडून त्यांनी चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि रंगवायला बसले. बापलेक एका ओसरीवर, एकमेकांकडं पाठ करून.

खाजाभाईंचा हात झपाट्याचा. दुपारपर्यंत निंबाची झाडं उभी राहिली, बांध आले. पण ट्रक रंगवायची सवय जाते कुठं? प्रत्येक झाडावर एकेक मोर बसू लागला, गुलाबी पिसाऱ्याचा. मी पाहिलं, चाँदपाशानंही पाहिलं. त्याच्या कामाला वडिलांनी आपणहून हात लावायची ही पहिलीच वेळ. त्याची पेन्सिल थांबली. बऱ्याच वेळानं तो उठून पट्ट्यापाशी जाऊन बसला.

"अब्बा, मोर नक्को."

"क्यूं? बुरा है?"

"अच्छा है. इसीलिए. लोगां मोर देखते बैठेंगे."

खाजाभाईंनी ब्रश पाण्यात बुडवला. मग त्यांनी हिरव्या रंगात ब्रश घोळला आणि एकेक मोर पानांखाली बुजवायला घेतला. तेवढा वेळ चाँदपाशा तिथंच बसला होता. ऊन जात होतं, तरी बसला.

त्या दिवशी पंधरा कागद झाले. सहा तारखेला सकाळी आभाळ भरून आलं. डिसेंबरात, काही कारण नसताना. काच नुसती राखाडी पडली, खालचा बैल दिसेना. एसटी अडीचची. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. सकिनाबी अंगणात उभी राहून आभाळाकडं अशी बघत होती, जणू ते तिच्या जावेनं मुद्दाम आणलं आहे. शेवटी चाँदपाशा ढाबेवाल्या मल्लिनाथाकडं गेला आणि रात्री ढाब्यावर लागणारी, दिवसा रिकामी असलेली गॅसबत्ती घेऊन आला. भरदिवसा बत्ती पेटवून ती काचेखाली सरकवली. उजेड मिळाला, पण काच तापून कागद कडेला गोळा होऊ लागले. दर दोन मिनिटांनी बत्ती बाहेर ओढायची, फुंकर घालायची, पुन्हा सरकवायची. घाम टपकू नये म्हणून त्यानं कपाळाला फडकं बांधलं होतं. सव्वादोनला चोविसावा कागद झाला. वाळलेला पट्टा गुंडाळून खाजाभाईंनी पार्सल शिवलं आणि तेच घेऊन स्टँडवर धावले.

आता वाट पाहायची, एवढंच राहिलं होतं असं आम्हाला वाटलं.

बारा तारखेला जाहिरातवाल्या साहेबांचं पत्र आलं. काम चांगलं आहे, पण परतीच्या चित्रांत बैलांची अदलाबदल झाली आहे, जवळ पांढऱ्याऐवजी काळा आला आहे. ही ढोबळ चूक आहे. कबूल असल्यास तसं लगेच कळवावं, म्हणजे जाण्याचेच कागद इथं पालथे घालून त्यांच्यावरून परतीचे बैल उतरवून घेऊ.

चाँदपाशानं पत्र मला वाचायला दिलं. मी वाचून परत दिलं. नुसतं हो लिहायचं होतं. काम पास, नाव झालं, बेंबळी टळली. खाजाभाई म्हणाले, लिहून टाक, पुढच्या कामात तुझं खरं कर. त्यांचंही बरोबरच होतं. जन्मभर हमरस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला हवं तेच रंगवत आलेला माणूस.

तेराला तो सोलापूरला गेला आणि तारऑफिसातून मुंबईला ट्रंक कॉल लावला. दोन तास बसल्यावर लागला. काय बोलणं झालं ते त्यानं आल्यावर आईवडिलांना आणि मला ओसरीवर उभं राहून सांगितलं. साहेबांना बैलाच्या बाजू समजावल्या. साहेब म्हणाले, तू माझ्याकडं नोकरीला असतास तर शिकवलं असतं, बाहेरच्या माणसाशी वाद घालायला मला वेळ नाही. तेव्हा हा म्हणाला, "पालथे घालायचे असले तर माझी चित्रं परत पाठवा साहेब. त्या गाडीला माझं नाव लावू नका." आणि कॉलची तीन मिनिटं संपली.

खाजाभाईंनी तंबाखूची पुडी खिशात ठेवली, मळली नाही. आता ठरल्याप्रमाणे करायचं होतं. काम पास झालं नव्हतं. पंधराला पत्र नाही, तार नाही. सोळाला चाँदपाशा पत्र्याची पेटी घेऊन बेंबळीला गेला आणि हजर झाला.

तिथले हेडमास्तर महांतप्पा गुरुजी भला माणूस. मुलांना फुलदाण्या आणि केळी काढायला शिकवायची, एवढंच काम. रविवारी तो घरी आला तेव्हा मी सहज विचारलं, कसं काय. म्हणाला, वहिनी, केळी बरी आहेत, हलत नाहीत. मी हसले, तो हसला नाही. काच मी काढून भिंतीला लावून ठेवली होती. तिच्याकडं त्यानं पाहिलंच नाही.

नाताळाच्या आसपास जाड पाकीट आलं. खाजाभाई ते स्वतः बेंबळीला घेऊन गेले, उघडलं नाही. आत साहेबांचं पत्र होतं. त्यांनी दोन्ही तऱ्हेच्या चित्रांची फिल्म काढून टायरवाल्यांच्या माणसाला दाखवली होती. तो माणूस बाजारोबाजार हिंडणारा. पालथी फिल्म पाहून तो पहिल्यांदा बैलांना हसला, चाकांवर त्याची नजरच गेली नाही. चाँदपाशाची होती तशीच पास केली होती. खाली पुढच्या कामाची माहिती होती, विहिरीवरच्या मोटेची, दोन मिनिटांची. सहा आठवड्यांत करशील का?

मला वाटलं, तो त्याच दिवशी पेटी उचलून येईल. आला नाही. त्यानं साहेबांना उलट लिहिलं की आमच्याकडं काम उन्हावर चालतं, सहा नाही, दहा आठवडे लागतील. कागदावर काही बदल करायचा असेल तर आधी मला विचारावं लागेल. हे दोन्ही लेखी मान्य असेल तरच घेतो. आणि उत्तर येईपर्यंत फुलदाण्या शिकवत राहिला. ते बारा दिवस सकिनाबीनं कसे काढले ते मी पाहिलं आहे. पोरानं तोंडाशी आलेलं दुसऱ्यांदा लोटलं, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. खाजाभाई मात्र टपाल यायच्या वेळेला न चुकता घरी असत.

मान्य असल्याचं पत्र आलं तेव्हा त्यानं राजीनामा लिहिला. महांतप्पा गुरुजींनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि काळजीनं विचारलं, "पण हे काम कायमचं आहे का, बाबा?"

"न्हाय गुरुजी," चाँदपाशा म्हणाला. "पुढचं हाय."